बॅरल-प्रूफ बर्बन आणि दोन मिली पाणी

‘चांगल्या व्हिस्कीत पाणी घालणं म्हणजे तिचा अपमान’ हे वाक्य मैफलीत कुणीतरी ठणकावून सांगतंच. बाटली साठ टक्के अल्कोहोलच्या वरची अमेरिकन बॅरल-प्रूफ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न मिसळता भरलेली असेल, तर त्याला मर्दानगीचीही जोड मिळते. रसायनशास्त्र मात्र पाण्याच्या बाजूनं आहे, निदान पहिल्या काही मिलीपर्यंत.

आधी आकडे. अमेरिकेत प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्केवारीची दुप्पट. वाइल्ड टर्की रेअर ब्रीड या बर्बनवर ११६.८ प्रूफ लिहिलेलं असतं, म्हणजे ५८.४ टक्के. आपल्याकडच्या बाटलीवरचे ‘७५ डिग्री प्रूफ’ जुन्या ब्रिटिश मापाचे. त्यात १०० म्हणजे ५७.१ टक्के, म्हणून ७५ चे ४२.८ होतात. ही दोन मापं एकमेकांत मिसळली की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

अमेरिकी कायद्यानुसार बर्बन या व्हिस्कीत निदान ५१ टक्के मका लागतो, नवं आणि आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, आणि पिंपात भरताना ताकद १२५ प्रूफच्या, म्हणजे ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही. तरी बाटलीत कधीकधी त्याहून जास्त भरते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या गोदामांचे वरचे मजले उन्हाळ्यात तापतात, लाकडातून पाणी अल्कोहोलपेक्षा वेगानं निसटतं आणि मागे उरलेलं द्रव कडक होत जातं.

आता मुख्य गंमत. इथेनॉलच्या रेणूला दोन स्वभाव असतात: एक टोक पाण्यात रमतं, दुसरं तेलकट टोक पाणी टाळतं. त्यामुळे पाणी भरपूर असेल तेव्हा इथेनॉलचे रेणू पृष्ठभागाशी दाटी करतात, तेलकट टोक हवेकडे करून. ग्वायकॉल हा दुसरा रेणू. जळलेल्या ओकमधलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा घटक, फुटून तो तयार होतो. धुरकट, किंचित लवंगेकडे झुकणारा वास त्याचा. त्याला पाण्यापेक्षा इथेनॉलची संगत प्रिय. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये या तिघांचं मिश्रण संगणकावर रेणूरेणूनं चालवून पाहिलं. इथेनॉल ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉल इथेनॉलसोबत पृष्ठभागाशी सापडला. ५९ टक्क्यांच्या वर मात्र इथेनॉल सगळीकडेच मुबलक. ग्वायकॉलला आतच संगत मिळते आणि तो वर यायचं कारण उरत नाही. नाकापर्यंत पोचायचं तर रेणूला पृष्ठभागावरूनच उडावं लागतं. म्हणजे पाणी घातल्यावर वास ‘खुलतो’ असं जे म्हणतात, त्याला आधार आहे.

पण यावरून ‘पाणी जादू करतं’ असा निष्कर्ष काढू नये. हे एका रेणूचं, संगणकातलं चित्र. ग्लासात असे शेकडो रेणू असतात आणि सगळे एका दिशेनं जात नाहीत. लांब साखळीच्या मेदाम्लांची एथिल एस्टरं ही तेलकट संयुगं पाणी वाढलं की एकमेकांना बिलगून सूक्ष्म गोळे करतात आणि इतर वासांनाही त्यात अडकवून ठेवतात. हे गोळे पुरेसे मोठे झाले की बर्बन धूसर दिसतं. थंड करून गाळलेली नसेल तर बॅरल-प्रूफ व्हिस्की पाण्यानं किंवा बर्फानं अशी गढूळ होऊ शकते. तो भेसळीचा पुरावा नाही.

घशातल्या आगीचा खुलासा सोपा आहे. टीआरपीव्ही१ नावाचा ग्राही, म्हणजे मज्जातंतूवरचा उष्णता ओळखणारा रेणू, साधारण ४२ अंशांच्या वरच्या उष्णतेला ‘भाजलं’ म्हणून ओरडतो. मिरचीतलं कॅप्सेसिनही त्यालाच डिवचतं. इथेनॉल ही मर्यादा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं. तोंडाचं तापमान ३७ च्या जवळ, म्हणजे आपल्याच अंगाच्या उष्णतेनं आपल्याला भाजल्याची जाणीव होते. ही आग दर्जाची खूण नाही. ठेचा-भाकरी खाऊन लगेच चव घ्यायला बसणाऱ्याला तर काहीच कळणार नाही, ग्राही आधीच दमलेला असतो.

तीच गत काडी लावून ‘निळी ज्योत म्हणजे शुद्ध’ ठरवण्याची. मिथेनॉलही निळंच जळतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीच्या विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, ती मिथेनॉलनंच. ज्योत तिथे काहीही सांगू शकत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. तोंडाशी निमुळता होणारा ग्लास घ्या. रुंद ग्लासातून वास पसरून जातो. केमिस्टकडून ५ मिलीची सिरिंज आणा, सुई नको. व्हिस्की १५ मिलीच घ्या. ६२.५ टक्क्यांच्या १५ मिलीत सुमारे साडेसात ग्रॅम अल्कोहोल जातं; तिचाच ६० मिलीचा पेग म्हणजे तीस ग्रॅम, आणि मग परीक्षण कुणाचं चाललंय हा प्रश्न पडतो.

ग्लासावर बशी ठेवून पाचेक मिनिटं थांबा. वाइनसारखा ग्लास गरगर फिरवू नका, अल्कोहोलची वाफ नाकात घुसून वास घेण्याची ताकदच बधिर होते. नाक काठापासून दोन बोटं दूर, ओठ किंचित उघडे. पहिला घोट अगदी छोटा घ्या आणि त्यावरून मत बनवू नका, तो तोंड सरावण्यापुरता. दुसऱ्यापासून लिहायला लागा: व्हॅनिला, अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोन या संयुगाचा खोबऱ्यासारखा वास, केळं, जळलेली साखर, राय हे धान्य असेल तर मिरीचा झणका.

मग पाणी. सूत्र असं: व्हिस्कीचे मिली × (मूळ टक्के ÷ हवे ते टक्के − १). ६२.५ च्या १५ मिलीत एकूण २ मिली पाण्यानं ५५ टक्के, ३.७५ नं ५०, ५.८ नं ४५. मिसळताना दोन द्रवं किंचित आकसतात, पण एवढ्याशा मापात ती चूक सोडून द्या. पाणी पडताना ग्लासात तेलकट रेघा नाचतात. त्या विरेपर्यंत थांबा. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांपुढे गेल्यावर एकाच प्रकारातल्या व्हिस्क्यांचे वास वेगळे ओळखणं अवघड झालं होतं. आपल्या उदाहरणात ते बरोबर ५० टक्क्यांच्या पायरीवर येतं. तिथे मन लावून हुंगा. ४५ ची पायरी ही केवळ चाचणी.

पाणी आरओचं किंवा बाटलीतलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन सगळं झाकून टाकतं, आणि बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ते ओकच्या टॅनिनशी जुळून व्हिस्की काळपट करतं.

दोन बाटल्यांची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच टक्केवारीला आणल्याशिवाय करू नका. ५८.४ ची आणि ५० ची शेजारी ठेवली तर बहुतेक वेळा जास्त ताकदीचीच ‘भरदार’ वाटते, त्यात गोदामाचं किंवा डिस्टिलरचं श्रेय काहीच नाही. ओतायला दुसऱ्या कुणाला सांगा आणि ग्लासांच्या बुडाला आकड्यांची चिकटपट्टी लावून घ्या. एलायजा क्रेग बॅरल प्रूफसारख्या बाटलीवर बॅचचा कोड असतो: आधीचं अक्षर वर्षातली कितवी खेप ते सांगतं, पुढचा आकडा महिना, शेवटचे दोन वर्ष. ए१२० म्हणजे २०२० ची पहिली खेप, जानेवारीची. दर खेपेला प्रूफ बदलतं, म्हणून टिपणात ब्रँडआधी कोड लिहा आणि पाण्याचा हिशेब लेबल वाचून नव्यानं करा.