टुना मासेमारीतील जादा नौकाक्षमता

टुनाचे साठे दरवर्षी जेवढी पकड सोसू शकतात, तेवढी पकडायला लागतील त्याहून कितीतरी अधिक ताकदीच्या नौका समुद्रात असणे आणि त्यांच्या रेट्याने काही साठे प्रमाणाबाहेर उपसले जाणे. कोकण किनाऱ्यावर कुपा किंवा गेदर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांचे हे कुळ. जागतिक व्यापारात त्यातल्या सात जाती महत्त्वाच्या आहेत : स्किपजॅक, यलोफिन, बिगआय, अल्बाकोर आणि ब्लूफिनच्या तीन, म्हणजे अटलांटिक, पॅसिफिक व दक्षिणी. त्यांची वार्षिक पकड ५० लाख टनांच्या घरात आहे. निम्म्याहून अधिक वाटा एकट्या स्किपजॅकचा असून त्याचा बहुतेक माल डब्यांत जातो.

अतिमासेमारी आणि जादा क्षमता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. साठा ठणठणीत असतानाही ताफा गरजेपेक्षा मोठा असू शकतो. स्किपजॅकच्या बाबतीत बहुतांशी तसेच घडले. दीडेक वर्षात वयात येणारा हा मासा पटकन भरून निघतो. पण एकदा बांधलेली नौका धक्क्यावर उभी करून ठेवणे मालकाला परवडत नाही. कर्जाचे हप्ते असतात, खलाशांचे पगार असतात. मग मालक सरकारवर दबाव आणतात, सरकारे आंतरराष्ट्रीय आयोगात जाऊन कोटा वाढवून मागतात आणि शास्त्रज्ञांनी दिलेला आकडा वाटाघाटीत फुगतो. टुना एका देशाच्या हद्दीत थांबत नसल्याने हा कारभार पाच प्रादेशिक आयोगांकडे आहे. तिथले निर्णय शक्यतो सर्वसंमतीने होतात, त्यामुळे ‘आमच्या नौका कमी करा’ असे स्वतःहून कोणी म्हणत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण भूमध्य समुद्रातल्या अटलांटिक ब्लूफिनचे. १९९० च्या दशकात तिथे जिवंत ब्लूफिन पिंजऱ्यांत ठेवून चरबी चढेपर्यंत पोसायचा आणि जपानच्या साशिमी (कच्च्या माशाच्या कापांच्या) बाजारात पाठवायचा, असा धंदा उभा राहिला. त्यामागोमाग मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढून पकडणाऱ्या पर्ससीन नौका आल्या आणि त्यांतल्या काहींच्या बांधणीला युरोपीय सार्वजनिक पैसाही लागला. २००७ मध्ये अधिकृत कोटा २९,५०० टनांचा होता. शास्त्रज्ञांनी नौकांची संख्या आणि ताकद यांवरून हिशेब मांडला, तर प्रत्यक्ष पकड ६१,००० टनांच्या आसपास निघाली. नोंदवहीतल्या पकडीपेक्षा बंदरातल्या नौका मोजणे अधिक खरे ठरले, ही या प्रकरणाची खरी शिकवण म्हणावी लागेल. २०१० मध्ये दोहा येथे धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच बंदी घालण्याचा मोनॅकोचा प्रस्ताव फेटाळला गेला, पण धाक बसला. २०११ चा कोटा १२,९०० टनांवर आला, अनेक नौका मोडीत निघाल्या, तपासणी कडक झाली. साठा अपेक्षेपेक्षा लवकर सावरला आणि २०२३ साठी कोटा ४०,००० टनांच्या वर गेला. दक्षिणी ब्लूफिनचा धक्का वेगळ्या प्रकारचा होता : जपानी ताफ्याने अनेक वर्षे कोट्याबाहेर मासा पकडल्याचे २००६ मध्ये उघड झाले आणि जपानचा वाटा ६,०६५ वरून ३,००० टनांवर आणला गेला.

क्षमता मोजायची कशी, हा किचकट प्रश्न आहे. पूर्व पॅसिफिकच्या आयोगाने २००२ मध्ये नौकांच्या मासळी साठवायच्या टाक्यांचे घनफळ मोजून पर्ससीन ताफ्यासाठी १,५८,००० घनमीटर हे लक्ष्य ठरवले. ताफा त्याच्या बराच पुढे गेला. अखेर नौका कमी करण्याऐवजी मोसम कमी करावा लागला. २०१८ पासून काही वर्षे मोठ्या नौकांना वर्षातले ७२ दिवस बंद राहावे लागले. शिवाय टाकी तेवढीच असली तरी पकड वाढतेच. नौका समुद्रात तराफे सोडतात, त्यांच्या सावलीखाली मासे जमतात आणि तराफ्याच्या बोयावरचे ध्वनियंत्र खाली किती मासळी आहे ते उपग्रहामार्फत कप्तानाला कळवते. शोधाशोधीचे दिवस वाचतात. या तराफ्यांखाली स्किपजॅकबरोबर बिगआय आणि यलोफिनची पिल्लेही सापडतात, हा त्यातला मोठा तोटा.

मार्ग काढला तो पश्चिम पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांनी. नाउरू कराराच्या आठ देशांनी, म्हणजे किरिबाटी, तुवालू, पापुआ न्यू गिनी वगैरेंनी, २००७ पासून आपल्या पाण्यात मासेमारीचे ‘नौका-दिवस’ मोजून विकायला सुरुवात केली. दिवस मर्यादित, गिऱ्हाइके भरपूर. एका दिवसाचा किमान भाव २०१२ मध्ये ५,००० डॉलर होता, तो पुढे ८,००० वर गेला. २०१० च्या सुमारास ६ कोटी डॉलरच्या आसपास असलेले या देशांचे उत्पन्न काही वर्षांत ५० कोटींच्या जवळ पोचले. परक्यांच्या जादा नौकांची आपसातली चुरसच बेटांनी कमाईला लावली.

हिंदी महासागरात चित्र गुंतागुंतीचे आहे. १९८० च्या दशकात फ्रेंच आणि स्पॅनिश पर्ससीन नौका अटलांटिकमधून इकडे आल्या आणि सेशेल्सचे व्हिक्टोरिया बंदर त्यांचे ठाणे बनले. पण इथला यलोफिन इराण, ओमान, मालदीव, श्रीलंका यांच्या तुलनेने लहान नौकाही मोठ्या प्रमाणावर पकडतात. २००८ नंतर सोमाली चाच्यांच्या भीतीने मोठ्या नौका पश्चिमेकडून हटल्या. आयोगाला न जमलेले काम काही काळ चाच्यांनी केले, असे उपरोधाने म्हणता येईल. २०१५ मध्ये यलोफिनचा साठा अतिशोषित ठरला आणि पुढच्या वर्षी पकड घटवण्याची योजना आली. तिच्या नंतरच्या आवृत्त्यांवर भारतासह काही देशांनी हरकत नोंदवली, त्यामुळे त्या त्यांना बंधनकारक राहिल्या नाहीत. खोल समुद्रात उशिरा उतरू पाहणाऱ्या देशांचा युक्तिवाद साधा आहे : समुद्र भरून टाकणारे ताफे आमचे नव्हते, मग कपात आमच्या माथी का? २०२४ च्या नव्या मूल्यमापनात हा साठा अतिशोषित नसल्याचे आढळले.

हाच वाद अनुदानांतही आहे. जागतिक व्यापार संघटनेचा मत्स्य-अनुदान करार २०२२ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला. त्यात बेकायदा मासेमारी आणि आधीच खालावलेले साठे यांसाठीच्या अनुदानांवर बंदी आहे; नौकाक्षमता वाढवणाऱ्या अनुदानांचा मुख्य भाग मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोडला गेला. विकसनशील देशांना २५ वर्षांची सवलत हवी, अशी भारताची त्यात मागणी आहे.