शंभर वॅटचा वारसा: रेडिओ आणि लिनियरच्या जोडीची पार्श्वभूमी

रेडिओ १०० वॅट देतो आणि नव्या लिनियरला, म्हणजे रेडिओचा सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्राला, ५ वॅट पुरतात. किंवा नेमकं उलट: हातात १० वॅटचा छोटा रेडिओ आणि टेबलावर १०० वॅट मागणारा व्हॉल्व्हचा (निर्वात नळीचा) जुना लिनियर. हौशी रेडिओत ही विजोड जोडी नेहमी दिसते. दोन्ही यंत्रं आपापल्या जागी ठीक असतात, फक्त ती वेगवेगळ्या दशकांतल्या गृहीतकांवर बांधलेली असतात. ड्राइव्ह, म्हणजे लिनियरच्या इनपुटला दिलेली शक्ती, नेमका किती द्यायचा हे ठरवताना ती गृहीतकं कुठून आली हे माहीत असेल, तर निम्म्या चुका टळतात.

एकेकाळी ‘जास्त ड्राइव्ह’ ही काळजीची गोष्टच नव्हती. मोर्स आणि प्लेट मॉड्युलेशनचं एएम (जुन्या पद्धतीचं आवाजाचं प्रसारण) चालत होतं तोवर शेवटचा व्हॉल्व्ह क्लास-सीमध्ये, म्हणजे सिग्नलच्या फक्त शिखरांवर, चालायचा. त्याला ड्राइव्ह कमी पडू द्यायचा नाही, एवढाच नियम. व्हॉल्व्ह पुरता सॅच्युरेट झाला की काम झालं. वर आणखी थोडा ड्राइव्ह गेला तर ग्रिड (व्हॉल्व्हच्या आतली इनपुटची जाळी) जरा जास्त तापायची, पण आवाज त्याने बिघडत नसे, कारण तो प्लेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या आउटपुटच्या, बाजूने चढवलेला असे. थोडक्यात, ड्राइव्हला तळ होता. छताकडे ग्रिड तापेपर्यंत कुणी बघत नसे.

एकपट्टी प्रसारणाने, म्हणजे एएमच्या दोन पट्ट्यांपैकी एकच पाठवणाऱ्या एसएसबीने, हे उलटं केलं. टेलिफोन कंपन्यांना हे तंत्र आधीपासून ठाऊक होतं. १९२७ मध्ये सुरू झालेली अटलांटिकपारची रेडिओ-टेलिफोन सेवा एसएसबीवरच चालत होती. हौशी मंडळींत ते रुजलं दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्लब केंद्रावरून, डब्ल्यू६वायएक्स या कॉलसाइनने, झालेले प्रयोग त्यातली ठळक खूण मानली जातात. एसएसबीत आवाजाचा चढउतार रेडिओच्या पहिल्या टप्प्यातच तयार होतो आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला तो जसाच्या तसा मोठा करायचा असतो. शिखरं कापली गेली की शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर कचरा पसरतो. ड्राइव्हला छत आलं ते इथे, आणि ‘लिनियर’ हे नाव रूढ झालं तेही इथेच.

सुरुवातीचे एसएसबी एक्सायटर, म्हणजे लिनियरला ड्राइव्ह देणारे प्रसारक, अगदी लहान होते. सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सचा १०ए दहा वॅट देई, २०ए वीस वॅट. हे पुरत असे, कारण टेट्रोडच्या (चार टोकांच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला एबी१ या पद्धतीत चालवताना फक्त व्होल्टेज लागतं, ग्रिड करंट वाहतच नाही. ड्राइव्हचा बराचसा भाग ग्रिडवरच्या रेझिस्टरमध्ये मुद्दाम जाळला जाई, म्हणजे ड्राइव्ह देणाऱ्याला स्थिर भार मिळे. तेव्हा थोड्या वॅटवर चालणारा लिनियर ही काही आजची नवलाई नाही. मधली काही दशकंच वेगळी गेली.

ती वेगळी गेली ती ग्राउंडेड ग्रिडमुळे. कॉलिन्स कंपनीचा केडब्ल्यूएम-१ हा ट्रान्सीव्हर १९५७ मध्ये आला, केडब्ल्यूएम-२ १९५९ मध्ये. केडब्ल्यूएम-२ साधारण १०० वॅट देई. एवढी शक्ती हाताशी असताना पुढच्या लिनियरला नाजूक टेट्रोड, त्याच्या स्क्रीन या दुसऱ्या जाळीचा वेगळा वीजपुरवठा आणि न्यूट्रलायझेशनची (आतली गळती रद्द करण्याची) कटकट कशाला? ट्रायोडची (तीन टोकांच्या व्हॉल्व्हची) ग्रिड जमिनीला जोडायची आणि ड्राइव्ह कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला, द्यायचा. हेच ग्राउंडेड ग्रिड. या मांडणीत व्हॉल्व्हचा सगळा सिग्नल-करंट ड्राइव्ह देणाऱ्या रेडिओतूनही वाहतो, म्हणून खरे वॅट खर्च होतात आणि गेन (वाढ) १० ते १३ डेसिबलवर, म्हणजे १० ते २० पटींवर, अडतो. पण खर्च झालेला बराच ड्राइव्ह आउटपुटमध्येच मिळतो, मंडल स्थिर राहतं आणि भाग कमी लागतात. कॉलिन्सच्या ३०एल-१मध्ये चार ८११ए व्हॉल्व्ह याच पद्धतीने बसवलेले होते.

पुढे हीथकिट कंपनीने हाच साचा घरोघरी नेला. तिच्या एसबी-२०० लिनियरमध्ये दोन ५७२बी व्हॉल्व्ह, एसबी-२२०मध्ये दोन ३-५००झेड. दोन्हींना ड्राइव्ह सुमारे १०० वॅट. रेडिओ बनवणारे १०० वॅटवर स्थिरावले कारण लिनियरना तेवढा लागे, आणि लिनियर तसे घडले कारण रेडिओ तेवढा देत. आजही बाजारातल्या बहुतेक टेबल-रेडिओंवर १०० वॅट लिहिलेलं असतं, त्याचं मूळ या जोडगोळीत आहे.

त्या काळच्या जोडीत आणखी एक तार असे, एएलसीची, म्हणजे शक्ती आपोआप आवरणाऱ्या मंडलाची. तिचं मूळ काम समजून घेण्यासारखं आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओत फायनल (शेवटचा टप्पा) एबी१मध्ये चालत असे. शिखर इतकं वाढलं की ग्रिड करंट वाहू लागला, की त्याच क्षणी त्यातून ऋण व्होल्टेज तयार करून मागच्या टप्प्यांचा गेन उतरवला जाई. मर्यादा कुठे आहे हे व्हॉल्व्ह स्वतःच सांगत होता. लिनियरकडूनही असंच व्होल्टेज मागे रेडिओला मिळे. एकाच कंपनीची जोडी असेल तर हे झकास चालायचं. वेगवेगळ्या घरची जोडी असेल तर मात्र गडबड: एका रेडिओला शून्य ते उणे ४ व्होल्टमध्ये सगळा ताबा हवा, दुसऱ्याला उणे १०पर्यंत. त्यात उशिराने प्रतिसाद देणारा फीडबॅक असला की आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. म्हणून आज अनेक जाणकार ती तार लावतच नाहीत. लावलीच तर ती शेवटची संरक्षक भिंत म्हणून. रोजचा ड्राइव्ह तिच्यावर सोडू नये.

व्हॉल्व्ह सुधारत गेले तसा ड्राइव्ह उतरत गेला. ८८७७ हा सिरॅमिक ट्रायोड सुमारे ६० वॅटवर १५०० वॅट देतो, म्हणजे २५ पट, १४ डेसिबल. पण ३-५००झेडने जो आडदांडपणा सोसला तो हा सोसत नाही. ३-५००झेडची ग्रिड क्षणभर लाल झाली तरी सहसा निभावते. ३सीएक्स८००ए७ या धाकट्या भावंडाच्या ग्रिडची क्षमता अवघी ४ वॅट आहे. १०० वॅटचा रेडिओ पूर्ण उघडा ठेवून अशा लिनियरला जोडला, तर ग्रिड-ट्रिप सर्किट (ग्रिड करंट वाढला की लिनियर तोडणारं संरक्षण) पडेल. ते नसेल किंवा मंद असेल तर व्हॉल्व्ह जाईल.

मध्येच कायद्यानेही ड्राइव्हचा आकडा पकडून ठेवला. अमेरिकेत १९७०च्या दशकात सीबी या सर्वसामान्यांच्या कमी शक्तीच्या रेडिओची लाट आली. ४ वॅटच्या सीबी सेटमागे लोक सर्रास लिनियर लावू लागले. १९७८ मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने तयार विकल्या जाणाऱ्या हौशी लिनियरवर अटी घातल्या. सीबीच्या पट्ट्याजवळ ते चालू नयेत आणि ५० वॅटपेक्षा कमी ड्राइव्हवर त्यांनी आपली पूर्ण शक्ती गाठू नये, असा त्यांचा रोख होता. २००६ मध्ये ५० वॅटची अट गेली, पण १५ डेसिबलची गेन-मर्यादा राहिली. १५ डेसिबल म्हणजे ३१.६ पट. १५०० वॅट हवे तर किमान ४७ वॅट ओतायलाच लागत, मग यंत्राला त्याची गरज असो वा नसो. ही मर्यादा काढावी असा अर्ज एक्स्पर्ट लिनियर्स अमेरिका या कंपनीने २०१६ मध्ये केला, त्यामागची अडचण हीच.

कारण तोवर एलडीमॉस या प्रकारचे मोठ्या शक्तीचे ट्रान्झिस्टर आले होते. एमआरएफई६व्हीपी६१के२५एच किंवा बीएलएफ१८८एक्सआर यांसारखा एकच भाग हजाराहून जास्त वॅट देतो आणि शॉर्टवेव्हवर त्याचा गेन वीस डेसिबलच्या बराच वर असतो. पाचेक वॅट पुरतात. अमेरिकेसाठी बनवताना आत आधी ऍटेन्युएटर (सिग्नल कमी करणारं मंडल) घालून हा गेन मारावा लागे. या दोहोंतल्या पहिल्याच्या गेटला (सिग्नल घेणाऱ्या टोकाला) उणे ६ ते अधिक १० व्होल्ट एवढीच मुभा आहे. तिथे ऍटेन्युएटरशिवाय १०० वॅटचा झटका गेला तर व्हॉल्व्हसारखी लाली, वास, सूचना काही नाही. गेट फुटतं, संपलं.

आता कुणी म्हणेल, रेडिओचा पॉवर नॉब ५ वॅटवर ठेवला की झालं. इथेच बरेच ट्रान्झिस्टर गेले आहेत. ट्रान्झिस्टरच्या रेडिओत एएलसी ग्रिड करंटवर चालत नाही. आउटपुटचा कपलर (नमुना घेणारा भाग) पुढे गेलेली शक्ती मोजतो आणि मग मागचा गेन उतरवतो. म्हणजे आधी शक्ती बाहेर पडते, मग ती मोजली जाते, मग कमी होते. काही रेडिओंत नॉब २० वॅटवर असतानाही पहिल्या काही मिलिसेकंदांत १०० वॅट किंवा त्याहून जास्तीचं टोक बाहेर पडतं. सरासरी दाखवणाऱ्या मीटरला ते दिसत नाही. ते पाहायचं तर डमी लोडवर (अँटेनाऐवजीच्या कृत्रिम भारावर) ऑसिलोस्कोप लावून, मोर्सचे तुटक ठिपके देऊन प्रत्येक ठिपक्याची पहिली कड बघावी लागते. मायक्रोफोन गेन कमी करून शक्ती आवरणं हाही उपाय नव्हे. एखादं मोठ्याने म्हटलेलं ‘हॅलो’ सगळं हिशेबाबाहेर नेतं.

भरवशाचा उपाय साधा आहे: मधे ऍटेन्युएटर. रेडिओ त्याच्या जास्तीत जास्त शक्तीवर गेला तरी लिनियरला मर्यादेपेक्षा फार काही पोहोचू नये, असं मूल्य निवडायचं. रेडिओ १०० वॅटचा असेल तर ६० वॅटच्या ८८७७ला ३ डेसिबल, २५ वॅटच्या लिनियरला ६ डेसिबल, ५ वॅटच्याला १३ डेसिबल. ५० ओहमसाठी ३ डेसिबलच्या पाय-मांडणीत (π या अक्षराच्या आकारात) दोन्ही टोकांना जमिनीकडे २९२ ओहम आणि मधे १७.६ ओहम लागतात; ६ डेसिबलला १५० आणि ३७.४. उष्णता सारखी वाटली जात नाही, हे बांधणारे विसरतात. ३ डेसिबलच्या पॅडला, म्हणजे अशा ऍटेन्युएटरला, १०० वॅट दिले तर रेडिओकडच्या रेझिस्टरवर सुमारे १७ वॅट, मधल्यावर २४ आणि लिनियरकडच्यावर साडेआठ वॅट पडतात. मधला सगळ्यात जास्त तापतो. सलग चालणाऱ्या डिजिटल पद्धतींसाठी तिन्ही भाग याच्या किमान दुप्पट क्षमतेचे आणि हीटसिंकवर हवेत. तारेच्या वेटोळ्याचे रेझिस्टर चालणार नाहीत, त्यांचं इंडक्टन्स २८ मेगाहर्ट्झला सगळं गणित मोडतं.

पॅडचा एक फुकटचा फायदा आहे. लिनियरच्या इनपुटला एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप; १ म्हणजे परिपूर्ण) २ असेल, तर ३ डेसिबलच्या पॅडमागून रेडिओला तो १.४ दिसतो. पण पॅड कायमचा केबलमध्ये ठेवला तर ऐकतानाही तेवढंच कमी ऐकू येतं आणि लिनियर बंद ठेवून बोलताना निम्मी शक्ती पॅडमध्येच जाते. म्हणून तो लिनियरच्या इनपुट रिलेच्या आतल्या बाजूला बसवलेला बरा, म्हणजे फक्त प्रसारणाच्या वेळी वाटेत येतो.

ड्राइव्ह किती, याचं उत्तर माहितीपत्रकात अंदाजे असतं. नेमकं उत्तर यंत्रच देतं. दहा-पंधरा वॅटपासून सुरुवात करावी आणि तुटक सिग्नलवर हळूहळू वाढवत जावं. ४० वॅटवर आउटपुट ८०० असेल तर ५० वॅटवर ते १०००च्या आसपास हवं. ८८०वरच अडलं तर लिनियर दबायला लागला आहे, तिथून मागे यायचं. व्हॉल्व्हच्या लिनियरचं लोडिंग (आउटपुटची जुळणी) मात्र पूर्ण ड्राइव्हवरच लावलेलं हवं. कमी ड्राइव्हवर ट्यून करून नंतर वाढवला तर लोडिंग हलकं राहतं: ग्रिड करंट चढतो, प्लेट करंट वाढत नाही, शिखरं कापली जातात. प्रत्येक बँडला गेन वेगळा असल्याने २८ मेगाहर्ट्झवर जमलेला आकडा ३.५ला जास्त होऊ शकतो.

उलट बाजूची जोडी त्यामानाने निरुपद्रवी. १० वॅटचा रेडिओ दोन ३-५००झेडच्या लिनियरला जोडला तर शंभराच्या वर थोडे वॅट मिळतात आणि बरीच वीज व्हॉल्व्ह तापवण्यातच जाते. मधे १०० वॅटचा आणखी एक लिनियर घालता येतो, पण त्याचा बिघाड पुढचा लिनियर इमानेइतबारे मोठा करतो. मधला कधीही शेवटच्या टोकापर्यंत पिळू नये.

जुना लिनियर नव्या रेडिओला लावताना मात्र ड्राइव्हच्या आधी दुसऱ्याच तारेकडे बघावं. एसबी-२२०च्या रिलेच्या जॅकवर, म्हणजे जिथून रेडिओ लिनियरला प्रसारणावर नेतो तिथे, शंभराहून जास्त व्होल्ट असतात. त्या काळच्या रेडिओत तिथे साधे रिलेचे संपर्क होते, त्यांना काही फरक पडत नसे. आजच्या रेडिओत तिथे बहुधा छोटा ट्रान्झिस्टर असतो. मल्टिमीटरने ते व्होल्टेज आधी मोजावं आणि मधे कमी व्होल्टचा रिले किंवा ऑप्टोकपलरचं सर्किट घालूनच ती पिन जोडावी.