मुलांसाठी सायकल हेल्मेटसक्ती आणि लोकांचा पाठिंबा

ठराविक वयाखालच्या मुलांनी सायकलवर हेल्मेट घातलंच पाहिजे असा कायदा, आणि त्यामागे पालक, शाळा, डॉक्टर यांनी उभं केलेलं जनमत. मोठ्यांवर सक्ती म्हटलं की लोक लगेच खवळतात, पोरांच्या बाबतीत सहसा तसं होत नाही, म्हणून बऱ्याच सरकारांनी वयाची मर्यादा घालूनच कायदा केला: कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात (१९९५) १८, स्वीडनमध्ये (२००५) १५, फ्रान्समध्ये (२०१७) १२ वर्षांखाली. इस्रायलमध्ये तर २००७ चा कायदा सगळ्यांना होता, २०११ ला शहरातल्या मोठ्यांना सूट मिळाली, मुलांची सक्ती तशीच राहिली.

पहिला कायदा कुठला यावर घोळ आहे. कॅलिफोर्नियाचा १९८६-८७ च्या सुमाराचा नियम सगळ्यात आधीचा धरतात, पण तो सायकलवर मागे बसवलेल्या ५ वर्षांखालच्या पोरांपुरता, स्वतः सायकल चालवणारी मुलं त्यात नव्हतीच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा १ जुलै १९९० चा कायदा सगळ्याच वयांना, त्यामुळे 'मुलांचा कायदा' म्हणून तो मोजायचा का हा प्रश्न राहतोच. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या हॉवर्ड काउंटीनं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) त्याच वर्षी १६ वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं केलं, आणि स्वतः चालवणाऱ्या मुलांसाठीच केलेला कायदा शोधायचा तर हा मान तिलाच देणं जास्त बरोबर वाटतं.

व्हिक्टोरियात सक्तीआधी कित्येक वर्षं शाळांतून प्रचार, हेल्मेटच्या किमतीत सवलत आणि सर्जन मंडळींचा रेटा असं सगळं चालू होतं, त्यामुळे कायदा येईपर्यंत ३१ टक्के सायकलस्वार आधीच हेल्मेट घालत होते, वर्षभरात ते ७५ टक्क्यांवर गेले. हॉवर्ड काउंटीत रस्त्यावरच्या पाहणीत मुलांचं प्रमाण ४ वरून ४७ टक्क्यांवर गेलं. अशा पाहणीत हँडलला लटकवलेलं हेल्मेट धरत नाहीत, अर्थात.

समर्थक बहुतेक १९८९ च्या अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या अभ्यासाचा दाखला देतात (डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी कमी), पण हेल्मेट घालणारी आणि न घालणारी मुलं मुळातच वेगळ्या तऱ्हेनं सायकल चालवत असतील ही शंका रास्त आहे. त्यापेक्षा कॅनडाची २००२ ची तुलना वजनदार वाटते: कायदा असलेल्या प्रांतांत मुलांच्या डोक्याच्या इजा ४५ टक्क्यांनी घटल्या, नसलेल्यांत २७. म्हणजे कायद्याविनाही घट होतच होती, हे समर्थक जरा हळू आवाजात सांगतात. सक्तीमुळे मुलं, विशेषतः टीनएजर, सायकलच सोडतात हा विरोधकांचा मुद्दा ऑस्ट्रेलियातल्या सायकलस्वारांच्या मोजणीवरून आला, त्यावर अजून भांडण चालू आहे.

दंड कोणाला हा पुढचा पेच. फ्रान्समध्ये १३५ युरो मुलाला नाही, त्याला नेणाऱ्या किंवा सोबतच्या मोठ्या माणसाला. सिअ‍ॅटलच्या किंग काउंटीत कायदा सगळ्या वयांना होता, पण बेघर आणि कृष्णवर्णीय सायकलस्वारांनाच जास्त दंड होतोय असं दिसल्यावर २०२२ मध्ये तो रद्द झाला, मुलांचा भागही त्याच्याबरोबर गेला.