तंबाखू सोडली, सुपारी धरली

'तंबाखू कधीच सोडली, आता नुसती सुपारी.' हे अभिमानाने सांगणारे भेटले की माझं डोकं फिरतं.

तंबाखूवर वेळ घालवत नाही. चुना लावून ओठाआड धरा, गालात गुटखा दाबा की मिश्री लावा, कॅन्सर होतो हे पुडीवरचं चित्रच सांगतं. आपल्याकडे हा कॅन्सर बहुतेकदा गालाच्या आत आणि हिरडीलगतच्या खोबणीत सापडतो, तोही या धरून ठेवण्याच्या सवयीमुळेच.

गाडं अडतं ते सुपारीपाशी. पाकिटावरचं 'तंबाखूविरहित' लोक 'निर्धोक' असं वाचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पक्का पुरावा असलेल्या, गटात बसवलं. तंबाखूही त्याच गटात आहे. कच्ची, भाजकी की चिकणी, हा वाद घालूच नका.

सुपारीची तऱ्हा मात्र वेगळी. तिच्यातलं अरेकोलिन हे रसायन गालाच्या अस्तराखाली कोलॅजनचे तंतू वाढवतं आणि तिच्यातलंच तांबं ते तंतू घट्ट बांधायला मदत करतं. आधी ठेचा नको तितका झोंबायला लागतो. मग गाल आतून पांढुरका, ताठ होतो आणि बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. एक दिवस पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही. स्वतःची तीन बोटं उभी रचून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांना गाठा. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, आणि तो विशीतल्या पोरांनाही होतो.

खरी मेख पुढे आहे. तंबाखूने उठलेला पांढरा चट्टा ती सोडल्यावर कधी कधी विरतो. सुपारीने आखडलेलं तोंड सुपारी सोडली म्हणून आपोआप पूर्ववत होत नाही. सोडल्याने आजार पुढे सरकायचा थांबू शकतो, व्यायामाने, इंजेक्शनांनी किंवा शस्त्रक्रियेने तोंड थोडंफार उघडतं, पण कॅन्सरचा धोका राहतोच. तपासणी चालूच ठेवावी लागते.

महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्याबरोबर पानमसाल्यावरही बंदी घातली, ती उगाच नव्हे. तरी लग्नाच्या पंगतीनंतर गोड सुपारीची पुडी पोरांच्या हातात देतातच, वर कौतुकाने 'पचायला चांगली' म्हणतात.

आणि तोंडातली दोन आठवड्यांत न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवाच. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला हा कॅन्सर बऱ्याचदा दुखत नाही.