ओमान: दरवाजे बंद ठेवणारा देश पाहुण्यांचा कसा झाला

ओमानला फिरून आलेला माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो, एक म्हणजे तिथले लोक फार साधे आणि अगत्यशील, आणि दुसरं म्हणजे मस्कत दुबईसारखं नाही, उंच टॉवर नाहीत, सगळं पांढरं, शांत. दोन्ही खरं आहे पण यामागची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, कारण हा देश १९७० पर्यंत जवळजवळ कडीकुलुपात होता. जुन्या मस्कत शहराला तटबंदी होती आणि सूर्यास्तानंतर तीन तासांनी वेशीचे दरवाजे बंद व्हायचे, त्यानंतर गल्लीतून चालायचं तर हातात कंदील पाहिजे म्हणजे चेहरा दिसेल, नाहीतर पहारेकरी धरणार. अख्ख्या देशात डांबरी रस्ता साधारण दहा किलोमीटर आणि शाळा तीन. बाहेरच्या माणसाला यायचं तर सुलतानाची परवानगी लागायची आणि ती सहसा मिळायची नाही.

आता असा देश पाहुणचारासाठी प्रसिद्ध कसा? माझं म्हणणं असं की दरवाजा सरकारनं बंद केला होता, लोकांनी नाही. घराचा दरवाजा तर शेकडो वर्षं उघडाच होता, आणि तो उघडा असायला ठोस कारणं होती.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३० च्या सुमारास इथे आला होता. सूर गावापासून कलहात बंदराला जाताना वाटाड्यानंच त्याला लुटायचा बेत केला, पाय सुजले, कसाबसा पोचला, आणि तरी त्याच्या वर्णनात कलहातच्या माशाचं कौतुक आहे, झाडाच्या पानांवर भाजलेला मासा आणि खाली भात, आणि तो भात हिंदुस्थानातून येणाऱ्या तांदळाचा. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीसुद्धा पाहुण्याच्या ताटातला तांदूळ आपल्या बाजूचा होता बघा. आतल्या भागातल्या निझवा शहराबद्दल तो लिहितो की तिथले लोक मशिदीच्या अंगणात जेवतात, ज्याच्या घरी जे असेल ते तो आणतो, सगळे एकत्र बसतात आणि वाटसरूही त्यांच्यातच बसून जेवतो. हे वाचलं की आजचं ओमान कळायला सोपं जातं.

कारण काय तर पाणी. आतल्या डोंगराळ भागात पाऊस अगदी थोडा, आणि गावं वसली ती फलजवर. फलज म्हणजे डोंगराच्या पोटातलं किंवा झऱ्याचं पाणी नुसत्या उतारानं गावापर्यंत आणणारा कालवा, काही ठिकाणी कित्येक किलोमीटर जमिनीखालून. आजही सुमारे ३ हजार फलज चालू आहेत आणि त्यातले पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. गावात पाणी शिरलं की आधी प्यायला, मग मशिदीत हातपाय धुवायला, मग खजुराच्या बागांना, आणि बागांचे वाटे तासांवर, दिवसा सावली बघून आणि रात्री तारे बघून. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात फड पद्धत होती त्या जातीचीच ही व्यवस्था, भांडण करून चालत नाही कारण पाणी एकच. अशा मुलखात वाटसरूला पाणी आणि खजूर नाकारणं म्हणजे त्याला मारणंच. अरबस्तानातली पद्धत अशी की पाहुणा आला तर तीन दिवस त्याला कशासाठी आलास विचारायचं नाही, आधी खाऊ घाल, मग बाकीचं. आणि उद्या तूच कुणाच्या तरी दारात उभा असणार आहेस हा व्यवहारही त्यात आहे, उगाच सगळं भावनेवर घ्यायला नको.

गावात पुरुषांची बैठक असते तिला सबला म्हणतात, तंटे तिथे मिटतात, लग्नं तिथे ठरतात आणि पाहुणाही आधी तिथेच बसतो. मजलिस ही त्याच प्रकारातली बैठक आणि ती कहव्याबरोबरच, म्हणजे अरबी कॉफीबरोबरच, २०१५ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, ओमान, सौदी, अमिरात आणि कतार अशी चौघांची मिळून नोंद आहे. कहव्याचे नियम मात्र माहिती असलेले बरे. आधी खजूर, मग कहवा. कप म्हणजे फिंजान, कान नसलेला, इवलासा, आणि तो अर्ध्याहून कमीच भरतात, पूर्ण भरला तर तो अपमान समजतात कारण त्याचा अर्थ पिऊन निघा असा होतो. वाढणारा डाव्या हातात सुरई धरतो, उजव्या हातानं कप देतो, आपणही उजव्याच हातानं घ्यायचा. पुरे झालं की कप बोटांत धरून थोडा हलवायचा, नाहीतर तो भरतच राहतो आणि आपण वेलची घातलेली कडू कॉफी पीतच राहतो. साखर नसते, म्हणून तर सोबत खजूर नाहीतर हलवा. ओमानी हलवा हा स्टार्च, साखर, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी असा मोठ्या तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास घोटून करतात आणि तो चमच्याबिमच्यानं नाही, बोटांनीच खायचा.

गुलाबपाणी जबल अखदर डोंगरावरचं, केशर-वेलची समुद्रावरून आलेलं. म्हणजे पाहुणचाराचा अर्धा सामान वाळवंटातला आणि अर्धा जहाजातला. हा जहाजातला अर्धा भाग समजल्याशिवाय ओमान समजत नाही.

पोर्तुगीजांनी १५०७ मध्ये मस्कत घेतलं, अल्बुकर्कनं, म्हणजे गोवा घ्यायच्या तीन वर्षं आधी, माणूस तोच. आज मस्कतच्या जुन्या बंदरावर राजवाड्याच्या दोन बाजूंना जे दोन किल्ले दिसतात, जलाली आणि मिरानी, ते आजच्या रूपात १५८० च्या दशकात पोर्तुगीजांनी उभे केले. १६५० मध्ये यारुबी घराण्यातला इमाम म्हणजे तिथला राजा, सुलतान बिन सैफ, यानं त्यांना हाकललं, आणि मग गंमत अशी की पाठलाग करणारे ओमानी स्वतःच समुद्रावरची सत्ता झाले, १६६८ मध्ये दीव लुटलं, १६९८ मध्ये पूर्व आफ्रिकेतला मोंबासाचा किल्ला घेतला. निझवाचा तो प्रचंड गोल बुरूज याच सुलतान बिन सैफनं बांधला, बारा वर्षं लागली म्हणतात, आणि दरवाज्याच्या वरती भोकं ठेवलीयत त्यातून हल्लेखोरांवर उकळता खजुराचा पाक ओतायचे. त्याच खजुरानं पाहुण्याचं स्वागत आणि त्यानंच शत्रूचं! किल्ल्यात गेलात तर खजुराची कोठारही बघा, पोती रचून ठेवायची आणि खालच्या पन्हळींतून पाक गळायचा.

एकोणिसाव्या शतकात ओमानचा राजा सय्यद सईदनं (राज्य १८०६ ते १८५६) तर राजधानीच पूर्व आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर नेली, लवंगांच्या मळ्यांसाठी. गुलामांचा व्यापारही त्यात होता, हे पर्यटनाच्या माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. आज ओमानी पुरुषाच्या डोक्यावर जी बारीक भरतकामाची टोपी दिसते, कुम्मा, ती त्या झांझिबारच्या दिवसांची, आणि मस्कतमध्ये अजून बरीच कुटुंबं घरात स्वाहिली बोलतात. या सईदसाठी मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८२६ साली एक मोठी युद्धनौका बांधली, नाव लिव्हरपूल, आणि ती त्यानं दहा वर्षांनी ब्रिटिश नौदलाला चक्क भेट देऊन टाकली. पाहुणचार म्हणा किंवा राजकारण म्हणा!

सईद गेल्यावर मुलांत भांडण लागलं, आणि १८६१ मध्ये मस्कत वेगळं, झांझिबार वेगळं असा निवाडा कुणी दिला तर हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगनं. पैसा झांझिबारकडे गेला. त्याच सुमारास वाफेची जहाजं आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि शिडाच्या जहाजांचं महत्त्व संपत गेलं, मस्कत गरीब झालं, कर्जात बुडालं. हे कर्ज १९३२ मध्ये नवा सुलतान सईद बिन तैमूर याच्या डोक्यावर आलं. हा अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेला, त्याच्या बापानं गादी सोडली आणि शेवटची वर्षं मुंबईत काढली, तिथेच १९६५ मध्ये वारला. सईद बिन तैमूरनं कर्ज फेडलं पण हात इतका आखडला की तेल १९६७ मध्ये निर्यात व्हायला लागलं तरी शाळा-दवाखान्यांवर फारसा खर्च नाही. सुरुवातीला सांगितलेले ते बंद दरवाजे या भीतीतून आलेले, परत कुणाच्या तरी देण्यात अडकू ही भीती. मला तो नुसता खलनायक वाटत नाही, पण त्याच्या भीतीची किंमत दुसऱ्यांनी मोजली हे खरंच.

या सगळ्या काळात एक दरवाजा बंद नव्हता, तो कच्छच्या भाटिया व्यापाऱ्यांचा. खजूर, कापड, तांदूळ, मोती, पेढीचे हिशेब, सगळं त्यांच्याकडे. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळ शंकराचं मंदिर आहे, शंभरहून जास्त वर्षं जुनं, आणि ते गल्लीबोळात लपवलेलं वगैरे नाही, महाशिवरात्रीला तिथे हजारोंची गर्दी होते. खिमजी रामदास ही पेढी १८७० पासूनची, त्यांच्या कनकसी खिमजींना पुढे सईद बिन तैमूरचा मुलगा सुलतान काबूस यांनी शेख ही पदवी दिली, हिंदू माणसाला. ओमानमध्ये इबादी पंथाचे लोक मोठ्या संख्येनं आहेत, सुन्नी-शिया दोन्हींहून वेगळा आणि एकंदरीत साधेपणाचा पंथ, त्यामुळे दुसऱ्याच्या पूजेत नाक खुपसायची सवय तिथे कमी, असं मला वाटतं. नोटासुद्धा आपल्याच होत्या, रिझर्व्ह बँकेनं १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढला तो ओमानमध्ये १९७० पर्यंत चालला. आणि आपल्या घरातली खारीक आठवा, ओमानमध्ये मबसली जातीचा खजूर उन्हाळ्यात मोठ्या कढयांत उकळून, वाळवून भारतात पाठवायची फार जुनी रीत आहे.

२३ जुलै १९७० ला या काबूसनं वडलांना, सईद बिन तैमूरला, गादीवरून दूर केलं, ब्रिटिशांच्या मदतीनं, आणि रस्ते, शाळा, विमानतळ असा धडाका सुरू झाला. तेव्हाच आखातातून माणसांना मागणी आली आणि रत्नागिरी, रायगडकडची कितीतरी घरं या पैशावर उभी राहिली. पण पर्यटकांना दार लगेच नाही उघडलं. दक्षिणेत धोफारमध्ये १९७५ पर्यंत युद्ध चालू होतं, व्हिसाला तिथल्या माणसाची हमी लागायची, आणि अल बुस्तान पॅलेस हे भव्य हॉटेल १९८५ मध्ये बांधलं तेही आखाती राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेसाठी. पर्यटकांचे गट यायला लागले ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी. या उशिराचा फायदा झाला असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तोपर्यंत इमारतींची उंची, रंग, कमानी यांचे नियम ठरले होते आणि बाकी आखात काचेच्या टॉवरांनी भरत असताना मस्कत बुटकं राहिलं. तेलही शेजाऱ्यांच्या मानानं कमी होतं, तेही एक कारण, नुसती अभिरुची नाही.

सगळंच सांभाळलं असंही नाही. अरबी ओरिक्स हरणाचं अभयारण्य १९९४ मध्ये जागतिक वारसा झालं, मग सरकारनं तेलाच्या शोधापायी त्याचं क्षेत्र नव्वद टक्क्यांनी कमी केलं आणि २००७ मध्ये युनेस्कोनं ते यादीतून काढून टाकलं, जगात असं पहिल्यांदाच झालं.

पाहुण्यांना सगळे आधी नेतात ती २००१ मध्ये उघडलेली सुलतान काबूस मशीद. ३ लाख टन वालुकाश्म भारतातून गेला, आतला गालिचा इराणी बायकांनी चार वर्षं विणला, एकसंध, वजन २१ टन. मुसलमान नसलेल्यांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ सोडतात, शुक्रवारी नाही. बायकांचे केस, हात, पाय झाकलेले हवेत, पुरुष हाफ पँट घालून गेले तर परत पाठवतील, आणि ते हसून पाठवतात हा भाग वेगळा. शुक्रवारची सकाळ त्यापेक्षा निझवाच्या बकऱ्यांच्या बाजारासाठी ठेवा, सकाळी लवकर जावं लागतं, विकणारे जनावर घेऊन गोल गोल फिरतात आणि गिऱ्हाईकं मधे-बाहेर बसून बोली लावतात. बायकांचे फोटो न विचारता काढू नका. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणंपिणं टाळा. घरी बोलावलं तर जा, नाही म्हणणं त्यांना लागतं, आणि ईदच्या दिवसांत गेलात तर शुवा मिळेल, मसाला चोपडलेलं मटण पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत एक-दोन दिवस पुरून ठेवलेलं, गावची भट्टी एकच, प्रत्येक घराची पोटली वेगळी.

धोफारमधल्या सलालाह शहराबद्दल मात्र आपल्या लोकांना एक सांगायला हवं. जून ते सप्टेंबर तिथे खरीफचा मोसम, आपलाच नैऋत्य मान्सून धोफारच्या डोंगरांना कड मारून जातो, धुकं, रिमझिम, डोंगर हिरवेगार, रस्त्यावर नारळ-केळीच्या टपऱ्या, आणि सौदी-अमिरातीतली कुटुंबं गाड्या भरभरून येतात, पावसात चटया टाकून बसतात. पन्नास डिग्रीच्या जवळून आलेल्यांना ते स्वर्ग वाटणारच. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसानं जुलैत तिकडे जाऊन काय करायचं, हॉटेलचे दर तेव्हा दुप्पट असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, तेव्हा वादी दौका खोऱ्यातली लोबानाची झाडं, सुमहुरमचं जुनं बंदर असं सगळं गर्दीशिवाय निवांत बघता येतं, आणि मस्कत-निझवाही त्याच ट्रिपमध्ये बसतं.