बारा बोल्टचा मागचा अ‍ॅक्सल आणि "मॅचिंग नंबर"चा वाद

जुन्या अमेरिकन मसल कारचं इंजिन सगळे बघतात, मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांना देणारा भाग, बघायला खाली वाकणारे कमी. शेवरलेच्या पहिल्या पिढीच्या कॅमॅरोत, म्हणजे १९६७ ते १९६९, खूप अदलाबदल झालेला भाग मात्र हाच आहे, म्हणून तो "मॅचिंग नंबर" आहे की नाही, म्हणजे कारखान्यातून याच गाडीला बसून आला की नाही, यावर वाद होतो. ही अदलाबदल का झाली हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

दोन्ही मागच्या चाकांना जोर देणारं पॉझिट्रॅक्शन शेवरलेनं १९५७ पासूनच द्यायला सुरुवात केली होती. मग १९६४ नंतर मोठं इंजिन मधल्या आकाराच्या गाडीत कोंबायची चढाओढ लागली आणि कव्हरला दहाच बोल्ट असलेल्या साध्या अ‍ॅक्सलला, ज्याचा क्राउन, म्हणजे आतलं मोठं दातेरी चाक, ८.२ इंचांचा, तो टॉर्क झेपेना. दशकाच्या मध्यात बारा बोल्टचा आला, क्राउन ८.८७५ इंचांचा, पिनियनचा, म्हणजे क्राउनला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचा, दांडा जाड, आणि पॅसेंजर गाड्यांमध्ये तो १९७२ पर्यंतच टिकला. एसएस ३९६ आणि झेड/२८ या कॅमॅरोच्या ताकदवान प्रकारांना हाच, सहा सिलिंडरच्या साध्या गाडीला दहा बोल्टचा. ट्रकलाही बारा बोल्टचा असायचा पण त्याचं पिनियन बारीक, त्यामुळं नुसते कव्हरचे बोल्ट मोजून "बारा बोल्ट आहे" म्हणत पैसे मोजणारे फसतात. शेवेल या शेवरलेच्या मधल्या आकाराच्या गाडीचा असेल तर कॉइल स्प्रिंगच्या गाडीचा म्हणून हाउसिंगच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, डोक्यावर कंट्रोल आर्मचे (त्याला जागेवर धरणाऱ्या दांड्यांचे) दोन कान असतात, कॅमॅरोला पाटे, त्यामुळं कान कापल्याच्या खुणा दिसल्या की तो अ‍ॅक्सल कुठून आला ते कळतं.

१९६७ ला आणखी एक भानगड होती. मागं एकेकच पाटा, दोन्ही शॉक अ‍ॅक्सलच्या पुढच्याच बाजूला, त्यामुळं जोरात क्लच सोडला की अख्खा अ‍ॅक्सल उड्या मारायचा. म्हणून त्या वर्षी काही ताकदवान गाड्यांना उजव्या बाजूला एक रॉड दिला, आणि १९६८ पासून एक शॉक पुढं एक मागं आणि मोठ्या इंजिनांना जास्त पाटे. उजव्या ट्यूबवर, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या नळीवर, त्या रॉडचा ब्रॅकेट सापडला तर हाउसिंग १९६७ चं धरायला हरकत नाही.

आता मूळ वाद. इंजिन आणि गिअरबॉक्सवर साठच्या दशकाच्या अखेरीस गाडीच्या व्हीआयएनचा (कारखान्यानं दिलेल्या ओळख क्रमांकाचा) तुकडा ठोकला जायला लागला, अ‍ॅक्सलवर कधीच नाही. उजव्या ट्यूबवर जो शिक्का असतो त्यात रेशोचा (क्राउन आणि पिनियनच्या दातांच्या प्रमाणाचा) दोन अक्षरी कोड, महिना-तारीख आणि कारखान्याचं अक्षर, जी म्हणजे डेट्रॉइटचा गिअर आणि अ‍ॅक्सल कारखाना, बी म्हणजे बफेलो. वर्षसुद्धा नाही! वर्ष बघायला हाउसिंगच्या बिडावर ओतलेली तारीख वाचायची, सी १४ ९ म्हणजे १४ मार्च १९६९, आणि ती ट्यूबवरच्या तारखेच्या आधीची आणि ट्यूबवरची गाडी बनल्याच्या आधीची, एवढं जुळलं तर जुळलं. म्हणजे हा अ‍ॅक्सल त्या काळातला आहे एवढंच सिद्ध होतं, याच गाडीचा आहे हे नाही. तरी विकणारे "फुल मॅचिंग" लिहितात आणि काही ठिकाणचे गाड्यांच्या प्रदर्शनातले परीक्षक तारीख बरोबर आली की पूर्ण मार्क देतात, काही ठिकाणी देत नाहीत, आणि यावर तीस-तीस वर्षं गाड्या सांभाळलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत.

अ‍ॅक्सल आणि व्हीआयएन एकत्र आणणारी एक जागा आहे, प्रोटेक्ट-ओ-प्लेट. वॉरंटीच्या पुस्तकात लावलेली धातूची छोटी पट्टी, १९६५ ते १९७२, तिच्यावर व्हीआयएन, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलचा कोड उठवलेला. ती मूळ पट्टी हातात असेल तर आणि तरच अ‍ॅक्सलला मॅचिंग म्हणावं, बाकी सगळ्यांना "डेट करेक्ट", म्हणजे तारखा जुळणारा, एवढं पुरेसं आहे आणि त्यात काही कमीपणा नाही. आता पट्ट्यासुद्धा नव्या बनवून मिळतात आणि ट्यूब घासून नवा शिक्का ठोकणारेही आहेत, मग हा शब्द जपून वापरायलाच हवा ना. त्या काळात गाडी शर्यतीला नेणारे लोक वीकेंडला ४.१० चे गिअर टाकायचे आणि परत ३.३१ बसवायचे, पार्ट्सच्या दुकानात अ‍ॅक्सलसकट मिळायचे, मग पन्नास वर्षांनी "याच गाडीचा" म्हणून छातीठोक सांगणं बरोबर नाही.

म्हणूनच रिस्टोरेशनमध्ये सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्यानं सफाई) सगळ्यात घातक. हाउसिंग चकाचक काळं होतं आणि शिक्का कायमचा जातो. आधी ट्यूब डिग्रीझरनं आणि कापडानं पुसायची, वायर ब्रश लावायचा नाही, टॉर्च तिरका धरून एकेक अक्षर वाचायचं, फोटो काढायचा, मगच पुढचं काम. कोडवर विश्वास ठेवू नका, कव्हर उघडून दात मोजा, क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ११ म्हणजे ३.७३, पिनियनचे १० असतील तर ४.१०. आणि ३.७३ च्या कॅरिअरवर, म्हणजे क्राउन ज्यावर बसतो त्या भागावर, ४.१० चा सेट सरळ बसत नाही, कॅरिअर वेगळा लागतो, हे आधी न बघता गिअर मागवणारे बरेच आहेत. बसवताना पिनियनचा क्रश स्लीव्ह (घट्ट करताना दबणारी नळी) दरवेळी नवाच, पिवळी पेस्ट लावून दातांवरचा ठसा बघायचा, आणि पॉझिट्रॅक्शनच्या क्लच प्लेटा असतील तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचं घर्षण जमवणारं रसायन) घालायचाच, नाहीतर वळताना मागून कटकट आवाज येतो आणि लोक चांगला डिफ परत खोलतात.