फितूर नोड : ॲड हॉक जाळ्यांच्या सुरक्षेची पार्श्वभूमी

आपल्याकडच्या बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत एम.ई.चे जुने प्रबंध चाळले, की एक विषय हटकून हाती लागतो : एओडीव्ही या, बिनतारी जाळ्यात निरोपाची वाट शोधणाऱ्या प्रोटोकॉलवरचा (नियमावलीवरचा) ब्लॅकहोल हल्ला. एनएस-२ या जाळ्याची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पन्नासेक नोड (जाळ्यातली यंत्रं) सोडायचे, त्यातला एक बिघडवायचा आणि पोचलेल्या पॅकेटांचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यांचा, आलेख कसा कोसळतो ते दाखवायचं. मीही असे प्रबंध तपासले आहेत. आलेख बहुतेक बरोबर असतो. पण तोंडी परीक्षेत ‘हा प्रोटोकॉल समोरच्यावर इतका विश्वास का टाकतो?’ असं विचारलं, की विद्यार्थी गप्प होतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. हे उत्तर शोधायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं आणि तेवढं मागे त्याला कोणी नेलेलंच नसतं.

ॲड हॉक जाळं म्हणजे टॉवर नाही, ठरलेला राउटर नाही; जमलेली यंत्रंच एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात. ही कल्पना अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, म्हणजे आर्पाने, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅकेट रेडिओ प्रकल्पात हाती घेतली. हवाई विद्यापीठात १९७१ मध्ये सुरू झालेलं अलोहानेट हे बिनतारी जाळं तेव्हा डोळ्यांसमोर होतं, पण त्यात सगळे एकाच मध्यवर्ती केंद्राशी बोलत. युद्धभूमीवर असं केंद्र उडवलं की सगळंच संपलं. गंमत म्हणजे पॅकेट रेडिओच्या पहिल्या रचनेतही वाटा ठरवणारं एक मध्यवर्ती स्टेशन होतंच. पुढे ते काढून टाकलं आणि वाट शोधायचं काम प्रत्येक रेडिओवर सोपवलं. दर साडेसात सेकंदांनी प्रत्येक रेडिओ ‘मी इथे आहे, माझ्याकडून अमुक इतक्या टप्प्यांवर तमुक आहे’ असं जाहीर करी. शेजारी ते ऐकत आणि आपला तक्ता सुधारत. २२ नोव्हेंबर १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या महामार्गावर धावणाऱ्या एका व्हॅनमधून निघालेली पॅकेटं अशा रेडिओंवरून आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यात, तिथून उपग्रहाने लंडनला आणि परत लॉस एंजेलिसला पोचली. इंटरनेटच्या जन्मकथेत या दिवसाला मान आहे तो रास्तच आहे.

माझ्या दृष्टीने त्या व्हॅनची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. शत्रूचा विचार झाला होता, पण तो बाहेरचा शत्रू : कान लावणारा, लहरींत गोंधळ घालणारा. त्यासाठी लहरी विस्तृत पट्ट्यात पसरवण्याची युक्ती वापरली. जाळ्याच्या आत मात्र सगळे आपलेच, एकाच फौजेचे. ‘माझ्याकडून दोन टप्पे’ असं शेजारी म्हणाला, की ते खरंच मानायचं. १९८३ च्या सुरान या पुढच्या प्रकल्पात सुरक्षेचा विचार उघडपणे आला, पण तोवर ‘शेजारी सांगतो ते खरं’ ही सवय वाट शोधण्याच्या पद्धतीत मुरली होती.

१९९४ मध्ये चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी वाट शोधण्याचा डीएसडीव्ही हा प्रोटोकॉल मांडला. जुन्या पद्धतीत एखादा दुवा तुटला की नोड एकमेकांच्या शिळ्या माहितीवर विसंबून गोल गोल फिरत राहत. त्यावर दोघांनी सोपा तोडगा काढला. प्रत्येक नोडने आपल्याबद्दलच्या बातमीवर चढता क्रमांक टाकायचा. मोठा क्रमांक म्हणजे ताजी बातमी. मुक्कामाच्या नोडने स्वतः दिलेला क्रमांक सम, आणि ‘तिकडची वाट तुटली’ असं दुसऱ्याने कळवलं तर विषम. मला आजही ही रचना देखणी वाटते. (हेच भागवत पुढे बिनतारी सुरक्षेकडे वळले आणि त्यांच्या एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीचं संशोधनाचं काम पुण्यात चालत असे.) याच क्रमांकाचा आधार घेऊन पर्किन्स आणि एलिझाबेथ रॉयर यांनी १९९९ मध्ये एओडीव्ही आणला : वाट आधीपासून जपून ठेवायची नाही, गरज पडली की शोधायची. कार्नेगी मेलनमधला डीएसआर, फ्रान्समधल्या इन्रियाचा ओएलएसआर हे त्याच पिढीतले प्रोटोकॉल.

आता तो ब्लॅकहोल हल्ला जवळून पाहू. अ ला ड कडे निरोप धाडायचा आहे. ड चा शेवटचा ठाऊक असलेला क्रमांक २०. अ हाकाटी करतो : ‘ड कुठे आहे? क्रमांक २० किंवा त्याहून ताजी वाट कोणाला माहीत आहे?’ हाक ब कडे जाते, ब कडून क कडे, क कडून ड कडे. ड आपला ताजा क्रमांक, २२, टाकतो आणि उत्तर त्याच वाटेने मागे निघतं. मधल्या वेळात म नावाचा नोड अ ला कळवतो : ‘ड माझ्या शेजारीच आहे, क्रमांक ५०००.’ म ने ड ला कधी पाहिलेलंही नाही. पण ५००० हा २० पेक्षा मोठा, म्हणून अ च्या तक्त्यात म ची वाट बसते. थोड्या वेळाने ड चं खरं उत्तर येतं, २२ घेऊन, आणि शिळं म्हणून बाजूला पडतं. अ पॅकेटं पाठवत राहतो, म ती गिळत राहतो. नियम सगळ्यांनी पाळले. खोटं बोलला तो एकटा म. फेऱ्यात अडकू नये म्हणून आणलेला क्रमांकच त्याच्या हातातलं हत्यार झाला.

हे कोणाच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. जुलै २००३ मध्ये एओडीव्ही आरएफसी ३५६१ म्हणून, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत, प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या सुरक्षेवरच्या भागात स्वच्छ लिहिलं होतं, की सध्या या प्रोटोकॉलमध्ये सुरक्षेची कोणतीही खास तरतूद नाही. त्या काळात आधी वाट सापडते का, बॅटरी पुरते का, नोड पळत असताना जाळं टिकतं का, हेच प्रश्न मोठे होते. मला ती प्रामाणिक कबुली मोलाची वाटते, पण तिची किंमत पुढे बरीच मोजावी लागली.

दुरुस्तीची खटपट तोवर सुरू झाली होती. १९९९ मध्ये झोऊ आणि हास यांनी सुचवलं, की नोडांची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करणारी किल्ली एकाकडे ठेवूच नका. तिचे तुकडे अनेक नोडांत वाटा, ठरावीक संख्येने तुकडे जमले तरच सही व्हावी. २००० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने पहारेकरी बसवला : शेजाऱ्याला पॅकेट दिलं की कान देऊन ऐकायचं, तो पुढे पाठवतो का. कल्पना छान, पण दोन फितूर संगनमताने वागले, की पहारेकऱ्याला काही उमगत नाही. २००२ मध्ये हू, पेरिग आणि जॉन्सन यांनी एरियाडनी मांडला आणि वाटेवरच्या प्रत्येक नोडला आपली ओळख सिद्ध करायला लावली.

मग भुयाराचा प्रश्न उभा राहिला. दोन हल्लेखोर जाळ्याच्या दोन टोकांना बसतात, आपसांत वेगळी जलद जोडणी ठेवतात आणि इकडची पॅकेटं जशीच्या तशी तिकडे सोडतात. काही बदलत नाहीत, कुठली किल्ली चोरत नाहीत. दूरदूरचे नोड एकमेकांना शेजारी समजू लागतात आणि कूटलेखन शाबूत असूनही सगळी रहदारी भुयारातून जाते. याच तिघांनी २००३ मध्ये उपाय दिला, पॅकेटला ‘दोरी’ बांधण्याचा : निघाल्याची वेळ किंवा जागा त्यावर लिहायची आणि इतक्या वेळात ते इतक्या लांब येऊच शकत नाही, हे तपासायचं. पण प्रकाश एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर जातो. घड्याळांत तेवढा फरक असला, की दोरी तीनशे मीटरने सैल.

हे सगळं प्रयोगशाळेतच राहिलं असं समजू नये. झिगबी या छोट्या उपकरणांच्या बिनतारी मानकात वाट शोधण्याला एओडीव्हीचा वारसा आहे, वाय-फायच्या मेश (यंत्रांनीच एकमेकांचे निरोप नेण्याच्या) मानकातही आहे. २००७ मध्ये कर्जतजवळच्या खैरात गावातल्या मुलांच्या हाती मुलांसाठीच बनवलेले हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. त्यांचे दोन ‘कान’ म्हणजे अँटेना, आणि त्यांतून याच मेश मानकाच्या मसुद्यावरचं जाळं आपोआप जुळे.

२०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांनी ब्रिजफाय हे ॲप वापरलं. ते ब्लूटूथने फोन ते फोन निरोप नेतं. पुढच्या वर्षी लंडन विद्यापीठातल्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयाच्या संशोधकांनी दाखवलं, की त्यात वापरणाऱ्यांचा माग काढता येतो, दुसऱ्याचं सोंग घेता येतं, आणि खास तयार केलेल्या एकाच संदेशाने सगळं जाळं बंद पाडता येतं. कंपनीने सिग्नल या निरोपांच्या ॲपची कूटपद्धत आणली. २०२२ मध्ये त्या नव्या आवृत्तीवरही नवे हल्ले दाखवले गेले.